मागापर्यंत पोचलेला राऊटर

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. माझा पांढरा रंग पिवळा पडलाय आणि दोनपैकी एक अँटेना चिकटपट्टीने बांधलेली आहे. तरी नागपुरातल्या एका लांबलचक घराच्या शेवटच्या खोलीत आज माझंच राज्य आहे, आणि हे सांगताना माझे सगळे दिवे लागतात.

घर विणकरांचं. पुढे दिवाणखाना, मग मधली खोली, त्यामागे अंगण आणि अगदी शेवटी हातमागाची खोली. नऊ वर्षांपूर्वी मी दिवाणखान्यात आलो तेव्हा माझा काय थाट होता! शेजारचे लोक पासवर्ड मागायला यायचे. मग चार अँटेनांचा नवा राऊटर आला आणि माझी रवानगी मधल्या खोलीतल्या फडताळात झाली, बिघडलेल्या चार्जरांच्या सोबतीला. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. तिथून घरातलं सगळं ऐकू मात्र यायचं.

घरातले आजोबा मारोतराव म्हणजे करवती किनारीची साडी विणणारे त्या गल्लीतले शेवटचे कारागीर. करवतीच्या दात्यांसारखी ती किनार आडवं सूत नेणाऱ्या तीन धोट्यांनी विणावी लागते. पण माग बरेच दिवस बंद होता. त्यांचा मुलगा मनोहर याला विणकराने पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा बुजवून तिथे मोटारसायकली ठेवायच्या होत्या. तेवढ्यात एका विणकाम शाळेने विचारलं, मारोतराव व्हिडिओवरून मुलींना ही किनार शिकवतील का? आधी एक वर्ग घेऊन पाहायचा, जमला तर दर आठवड्याला.

मनोहर म्हणाला, "वर्ग झाला तं माग राहीन बाबा. नाही तं मी खड्डा बुजवतो."

माग जमिनीत बसवलेला, तो काही राऊटरजवळ नेता येत नाही. नेटलाच मागाकडे जाणं भाग होतं. म्हणून मनोहरच्या मुलीने, प्रणालीने, मार्चमध्ये मधल्या खोलीच्या अंगणाकडच्या खिडकीत नेट पुढे पोचवणारा एक रिपीटर लावला. मागाच्या खोलीत चित्र स्वच्छ दिसू लागलं. वर्ग एप्रिलमधल्या एका रविवारी ठरला.

आणि इथेच खास नागपुरी चूक झाली. ऊन तापताच मनोहरने माळ्यावरचा लोखंडी कूलर उतरवला, त्याला गवताच्या नव्या ताट्या बसवल्या आणि दरवर्षीप्रमाणे त्याच खिडकीला लावला. लोखंडी पत्रा, ओलं गवत, टाकीभर पाणी. त्यातून बिचाऱ्या रिपीटरच्या लहरी कशा जाणार? मागाच्या खोलीत चित्र थिजू लागलं. कूलरवर मात्र कोणाचाच संशय गेला नाही, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर म्हणजे घरचाच माणूस. सगळे नेटच्या कंपनीला नावं ठेवत राहिले. मारोतराव मागावरची धूळ पुसत बसले.

वर्गाच्या आदल्या दिवशी प्रणालीची आई प्रेमिला कूलर बाजूला ओढून टाकी धूत होती. मागाच्या खोलीतून प्रणाली ओरडली, "आई वं, नेट आलं!" टाकी भरून कूलर जागेवर गेला आणि नेटही गेलं.

"कूलरच अडवून राहिला तुह्या नेटले," प्रेमिला म्हणाली.

"मंग काढून टाकू कूलर?"

"पंचेचाळीस डिग्रीत? तुह्या बाबाले ईचारून पाय!"

तेव्हा प्रणालीला मी आठवलो. तिने मला फडताळातून काढलं, धूळ फुंकली. नव्या राऊटरपासून तिने लांब केबल ओढली, कूलरच्या पाण्याच्या नळीसाठी पाडलेल्या भोकातून अंगणात काढली आणि भिंतीच्या कडेकडेने मागाच्या खोलीपर्यंत नेली. टोकाला मला बसवलं. नाव आणि पासवर्ड नव्या राऊटरचेच दिले. प्रत्येक फोनला नेटवरचा पत्ता द्यायचं कामही त्याच्याकडेच ठेवलं, कारण एका घरात दोघांनी ते केलं की गोंधळ होतो. मी रुसलो नाही. मला काम हवं होतं.

रविवारी बावीस मुली पडद्यावर आल्या. मारोतराव खड्ड्यात पाय सोडून बसले. त्यांनी पहिला धोटा हातात घेतला. मग म्हणाले, "पाहा बाई हो, हा धोटा इथं थांबते, अन् दुसऱ्याचं सूत याच्यात गुतते." एका मुलीसाठी त्यांनी तेच तीनदा करून दाखवलं. मी तापलो होतो, पण तासभरात एकदाही चित्र थिजू दिलं नाही.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मनोहर दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "बाबा, मले तं हे कधी शिकवलंच नाही तुम्ही."

"तू कधी बसलाच नाही गा," मारोतराव म्हणाले.

मनोहर आत आला आणि खड्ड्याच्या काठावर बसला.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद खणात पडला असेल. त्याला टाकण्याआधी एकदा तारेला जोडून पाहा. त्याच्या जाळीवरची धूळ पुसा, त्याच्यापुढे लोखंड आणि पाणी ठेवू नका. आणि घरातल्या जुन्या माणसाजवळ अधूनमधून बसत जा.

परवाच्या दसऱ्याला मारोतरावांनी मागाची पूजा केली. तिन्ही धोट्यांना हळदकुंकू लावलं आणि तेच बोट माझ्याकडे आणलं. "आबाजी, मशीनमध्ये कुंकू जाईन!" प्रणाली म्हणाली. त्यांनी जाळी टाळून, माझ्या चिकटपट्टीवर नेमकं बोट टेकवलं.

"हाही मागाचाच आहे," ते म्हणाले.