इंजिन थंड होईपर्यंत

बर्फाच्या कारखान्याच्या आवारात पाऊल टाकल्या टाकल्या अक्काने पिकअपच्या बॉनेटवर तळहात टेकवला. नमस्कार-चमत्कार सगळे त्यानंतर. तिचा धाकटा भाऊ तोवर गाडीच्या प्रेमात पडून मोकळा झाला होता.

"अक्का, रंग बघ! आरशासारखी चकाकतेय."

"आरसा घ्यायला आलोय का आपण?" अक्का म्हणाली.

धाकटा सुतार होता. लाकडाची फळी नुसती बोटांनी चाचपून ती कुठे वाकेल ते तो सांगायचा, पण गाडीच्या बाबतीत त्याची अक्कल रंगापाशी थांबायची. गाड्या हा अक्काचा प्रांत. लग्नाआधी आणि लग्नानंतरही ती दुसऱ्यांचे टेम्पो चालवत आली होती; कधी विटा, कधी गाद्या, कधी काचा. काचा वाहणाऱ्याला रस्त्यातला प्रत्येक खड्डा नावानिशी ठाऊक असतो, असं ती म्हणायची. आता धाकट्याच्या कपाटांना मागणी वाढली होती, भाड्याच्या गाड्या वेळेवर येत नव्हत्या, आणि भावाबहिणीने ठरवलं होतं, की पुरे झालं, स्वतःची डिझेल पिकअप घ्यायची. नवी परवडणारी नव्हती. जुनी घ्यायची, पण पारखून.

कारखान्याचे मालक बर्फवाले काका गळ्याला मफलर गुंडाळून बाहेर आले. त्यांचा चेहरा गोल आणि आवाज मोठा होता.

"या, या! गाडी बघितली? एकाच मालकाने वापरलेली आहे. काडीचं काम नाही."

"काका, सकाळी कुठे जाऊन आली का?"

"छे! कालपासून जागची हललेली नाही."

अक्काने तळहात बॉनेटवरून उचलला नाही. पत्रा चांगला कोमट होता. थंडीचे दिवस, त्यात बर्फाच्या कारखान्याचं ओलं आवार. कालपासून उभी असलेली गाडी हाताला बोचायला हवी होती.

"मग थांबतो आम्ही," ती म्हणाली.

"कशाला? किल्ली घ्या, सुरू करा, चक्कर मारून या!"

"चक्कर मारूच. आधी इंजिन थंड होऊ दे. डिझेलची गाडी गरम असताना सगळ्यांशीच गोड बोलते, काका. खरी ती थंडीत कळते."

काकांचं हसू जागच्या जागी थिजलं. धाकट्याने वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "काका, तुमचा बर्फाचा कारखाना असताना आम्हाला थांबायला लागावं म्हणजे कमालच. दोन लाद्या ठेवा की बॉनेटवर!"

कोणी हसलं नाही. धाकटा उगाच टायरला लाथ मारून बघू लागला.

अक्का मात्र निवांत होती. तिने स्टेअरिंग, टायर, पाण्याची टाकी बघून घेतली, मग एक पालथा क्रेट ओढला, डबा उघडला, भावाला खायला लावलं, स्वतः खाल्लं. काका आत-बाहेर करत राहिले. दर खेपेला म्हणायचे, "झाली असेल हो थंड," आणि अक्का दर खेपेला म्हणायची, "होईल की. घाई कुणाला आहे?"

घाई खरं तर धाकट्यालाच होती. तो कुजबुजला, "अक्का, आवडली नसेल तर सरळ नाही म्हण आणि चल. दिवसभर इथे गोठायचं का?"

"आवडली आहे म्हणून तर थांबलेय," अक्का म्हणाली. "स्टेअरिंगला ढिलेपणा नाही. टायर चारही सारखे झिजलेत, आतल्या बाजूने खाल्लेले नाहीत. पाण्याच्या टाकीत तेलाचा तवंग नाही. या गाडीला कुणीतरी नीट चालवलंय. ही लपवाछपवी गाडी चालवणाऱ्याची नाही."

दुपार कलल्यावर तिने बॅगेतून टॉर्च आणि छोटी हातोडी काढली, जमिनीवर पोतं अंथरलं आणि सरपटत गाडीखाली गेली. बर्फ वाहिलेली गाडी, वितळलेलं पाणी हौद्यातून खाली गळणार, आणि मासळीसाठी बर्फ जात असेल तर त्यात मीठही. तिला जो गंज शोधायचा होता तो वर दिसणार नव्हताच. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, ताजा काळा रंग होता. तिने एका टोकापासून हातोडी वाजवायला सुरुवात केली. टण्. टण्. टण्. आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा टेकू जिथे चासीला जोडलेला असतो तिथे, थप्प.

बाहेर उभ्या असलेल्या धाकट्यालाही तो आवाज कळला. भरीव लाकडात मध्येच वाळवीने पोखरलेली जागा असावी तसा.

"स्क्रूड्रायव्हर दे," खालून हात बाहेर आला. तिने टोक टेकवून जरा दाबलं. आधी रंगाची खपली निघाली, मग पुट्टी, आणि मग टोक सरळ आत गेलं.

ती बाहेर आली तेव्हा फाटकातून एक तरुणी सायकल हातात धरून येत होती. अंगात जाड स्वेटर, हातात रबरी हातमोजे. काकांची लेक. तिने अक्काला धूळ झटकताना पाहिलं आणि मोकळेपणाने विचारलं, "बघितली का ताई आमची गाडी? सकाळी फार त्रास दिला हो हिने. चौघांनी ढकलली तेव्हा कुठे सुरू झाली. बाबा म्हणाले, गिऱ्हाईक यायच्या आत फिरवून तापवून आण."

काकांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मला कुणी सांगितलं नव्हतं की हे सांगायचं नाही," लेक म्हणाली.

"सांगायला हवं होतं मी," काका पुटपुटले. मग एकदम खाली बसले, अक्काच्याच क्रेटवर. "काय करू, ताई? कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, इंजिन बसलं. उतरवून सगळं खोलावं लागेल. नवीन गाडीची मागणी नोंदवून बसलोय. ही गळ्यात पडली तर मी कुठे जाऊ?"

धाकट्याने बहिणीकडे असं पाहिलं, की चल आता. अक्काने बॉनेटवर पुन्हा हात ठेवला. आता पत्रा गारठला होता.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

किल्ली अर्धी फिरवून ती थांबली. इंजिन पेटायला ऊब देणाऱ्या हीटरचा पिवळा दिवा विझल्यावर पूर्ण फिरवली. स्टार्टर कुरकुरला, इंजिन धापा टाकू लागलं, पकडेना. दुसऱ्या खेपेला खोकत, सबंध गाडी हलवत ते सुरू झालं आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला.

"बघा," काका खचून म्हणाले. "हेच."

"बघतेय." अक्का खाली उतरली. धूर निळा नव्हता, म्हणजे तेल जळत नव्हतं. तिने ऑईल भरायचं झाकण उघडून तोंडावर हात धरला. इंजिन आतून झिजलेलं असतं तर तिथून धुराचे भपकारे आले असते. इथे नुसती ऊब होती. थोड्याच वेळात धूर विरळ झाला, खोकला थांबला आणि इंजिन एका लयीत चालू लागलं.

तिने गाडी बंद केली. बॅटरीला एक तपासायचा दिवा जोडून त्याचं टोक चारही हीटरला आळीपाळीने टेकवलं. दोन हीटरवर दिवा लागला. उरलेल्या दोन हीटरवर लागलाच नाही.

"काका, इंजिनाला धाड भरलेली नाही. दोन हीटर मेलेत. थंडीत डिझेल पेटायला ऊब लागते, ती अर्धीच मिळतेय. स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात. तासाभराचं काम."

धाकट्याने डोळे मिटले. घासाघीस करायला हाताशी होतं ते सगळं बहिणीने समोरच्याला देऊन टाकलं होतं.

काकांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "म्हणजे इंजिन ठणठणीत? मग मी उगाच घाबरलो म्हणा की!"

"उगाच नाही. चुकीच्या जागी घाबरलात." अक्काने टॉर्च पुढे केला. "खाली या. तूही ये गं, चालवतेस ना तू?"

तिघंही गाडीखाली गेली. अक्काने स्क्रूड्रायव्हर पुन्हा त्या भोकात घातला आणि प्रकाश धरला.

"रंगाऱ्याला मी म्हटलं होतं, नवीकोरी दिसली पाहिजे," काका म्हणाले. "त्याने पुट्टी भरली असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं."

लेकीने विचारलं, "ही जागा सुटली तर?"

"भरलेल्या गाडीचं मागचं चाक एका बाजूला फिरेल. सपाटीवर असशील तर वाचशील."

"परवाच भरलेली खेप घेऊन मी बंदराचा उतार उतरले," लेक हळूच म्हणाली. काकांनी गाडीखालीच तिचा हातमोज्यातला हात घट्ट धरला. किती तरी वेळ सोडला नाही.

बाहेर आल्यावर काका गाडीच्या किमतीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. बोलला धाकटाच. "इंजिन चांगलं निघालं म्हणून आता वाढवू नका हं, काका."

"वाढवा की," अक्का म्हणाली. "आणि चासीची कमी करा. फिटंफाट. मात्र माझी एक अट आहे. वेल्डर मी आणणार. कुजलेला भाग कापून आत-बाहेर जाड पट्टी मारायची, आणि मी समोर उभी राहणार. त्यानंतर गाडी माझी."

"आणि कापल्यावर आणखी कुजलेलं निघालं तर?" काकांनी विचारलं.

"मग तुमची."

काका पहिल्यांदा मनापासून हसले. "ताई, तुम्हाला फसवायला निघालो होतो, हे आठवून आता लाज वाटण्याऐवजी हसूच येतंय."

"लाजही वाटू द्या थोडी," लेक म्हणाली.

कापल्यावर निघालं ते तेवढंच. पुढची चासी टणक होती. वेल्डरने पट्टी मारली, अक्काने हातोडी वाजवून घेतली, हीटर स्वतः बसवले, आणि पहाटेच्या कडाक्याच्या गारठ्यात गाडी एका झटक्यात सुरू करून काकांना ऐकवली. काकांनी दोन्ही हात जोडले. गाडीला की अक्काला ते काही कळलं नाही.

काकांची नवी गाडी मात्र ठरल्या दिवशी आली नाही. आज येईल, उद्या येईल करत कंपनीचा माणूस फोनच उचलेनासा झाला, आणि इकडे मासळी बाजाराला बर्फ तर रोज हवा. लेक स्वतः अक्काकडे आली. म्हणून पिकअपच्या पहिल्या भाड्यात धाकट्याच्या कपाटांऐवजी बर्फाच्या लाद्या गेल्या. लेक शेजारी बसली होती. बंदराच्या उताराच्या तोंडाशी तिने नकळत दांडी पकडली. अक्काने खालचा गिअर टाकला, इंजिनाने गाडी धरून ठेवली आणि सगळा उतार त्या गप्पा मारत उतरल्या.

परतल्यावर धाकटा नाक दाबून गाडीभोवती फिरला. "अक्का, या वासात माझी कपाटं नेणार तू? लोक काय म्हणतील?"

"पाइप तिथे आहे, ब्रश तिथे आहे," अक्का म्हणाली. "आणि हौदा धुतलास की नीट पुसून कोरडा कर. पाणी साचलेलं मला चालणार नाही."