बुजरीचं रगत

बाईमाणसाच्या मनगटावर नंबर बांधायला जाऊ नये, एवढी साधी गोष्ट अमृताला विद्यापीठात कुणी शिकवली नव्हती. बाकी सगळं शिकवलं होतं. सुई कशी धरायची, नळी कशी हलवायची, पेटीत बर्फ किती ठेवायचा. म्हणजे लग्नाची सगळी तयारी झाली होती, फक्त नवरीला विचारायचं राहिलं होतं.

दुष्काळाचं वर्ष. बिडकीनच्या अंगाला कारखान्यांसाठी कुंपणं पडली होती, चराईची रानं कुंपणाच्या आत गेली होती, आणि उरलेल्या माळावर सोनाजी धनगराचा मेंढरांचा वाडा कसाबसा टेकला होता. टँकरच्या पाण्यावर आणि भाकरीच्या तुकड्यावर दिवस काढणाऱ्या इथल्या बायकांच्या अंगात रक्त किती, हा अमृताचा अभ्यास. अमावास्येनंतर वाडा सोयगावच्या डोंगराकडे हलणार होता. त्याआधी रक्त मिळालं नाही तर विषय बदल, असं तिच्या सरांनी बजावलं होतं. विषय बदलायची कल्पनासुद्धा तिला सहन होत नव्हती, कारण या बायकांचं दुखणं आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी बायका हौसेनं जमल्या. अमृतानं पेटी उघडली आणि नंबर छापलेल्या पिवळ्या पट्ट्या बाहेर काढल्या. पहिली पट्टी सोनाजीच्या बायकोच्या, बानाबाईच्या मनगटाला लावणार, तोच म्हातारीनं हात मागं घेतला.

"हे काय गं?"

"नंबर आहे मावशी. तुमची नळी ओळखू यावी म्हणून."

बानाबाईनं शेजारची मेंढी कान धरून पुढं ओढली. तिच्या कानात जनावरांच्या डॉक्टरांनी मारलेला पिवळा बिल्ला होता. रंग तोच, आकडेही तसेच. "हिला बी असाच मारलाय. आन तरी आमी हिला आकड्यानं हाका मारत नाय, खैरी म्हंतो. तू तर आमाला मेंढराच्या बी खाली नेलं की!"

बायका खो खो हसल्या आणि लुगडी झटकून उठल्या. हसत उठल्या, पण उठल्या. जाताजाता बानाबाई म्हणाली, "आपलं ठेवायचं झाकून आन दुसऱ्याचं पाहायचं वाकून! तुजं रगत कोन बघतंय गं?"

अमृताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तिनं आजीला, चंपाबाईला, सगळं सांगितलं. चंपाबाईची हयात शहरातल्या भीमनगरात गेलेली.

"आपल्या वस्तीत बी आल्ते सायब लोक," चंपाबाई म्हणाली. "खुर्च्या घरून आनल्या व्हत्या. रगत नेलं, फोटू नेले, आन पुन्यांदा तोंड दाखवलं नाय. काय रोग निगाला, आमाला आजवर ठाव नाय. तू कुठं बसलीस?"

"खाली. तिथं खुर्ची नव्हती."

"म्हंजे असती तर बसली असतीस," चंपाबाई म्हणाली आणि लसूण सोलू लागली.

दुसऱ्या दिवशी अमृता पेटी न घेता गेली. घोंगडीवर बसली, शेळीच्या दुधाचा चहा प्याली आणि सरळ बोलली, "मावशी, माझं चुकलं. शहरात कुणाला कुणाचं रक्त ते कळू नये म्हणून नाव लिहीत नाहीत. नंबर नको, तर कसं करायचं ते तुम्हीच सांगा."

बायकांची मसलत बसली. सोनाजी मध्ये बोलायला गेला, त्याला बानाबाईनं मेंढरांकडं पिटाळलं. मग निकाल सुनावला. "एक, परतेक बाईनं आपल्या लाडक्या मेंढीचं नाव द्यायचं. दोन, काय निगालं ते आदी आमाला सांगायचं, मंग तुज्या सायबाला. आन तीन, पयलं रगत तुजं."

तिसऱ्या दिवशी अमृता पेटी घेऊन आली आणि तिनं आधी स्वतःचीच बाही वर केली. इतरांना सुई टोचताना न हलणारी पोरगी स्वतःला टोचताना दोनदा सुई मागं घेऊन बसली. बानाबाईनं तिच्या नळीला नाव दिलं, बुजरी. मग खैरी झाली, भुरी झाली, चांदी झाली, आणि हसण्याच्या नादात पेटी कधी भरली ते कळलंही नाही.

सोनाजी भंडारा घेऊन आला. अमृता हात जोडून म्हणाली, "बाबा, आम्ही बौद्ध. आमच्यात हे लावत नाहीत."

सोनाजीनं पेटीकडं पाहिलं. "मंग पेटीला लावतो. पेटीला कुटं धरम असतो?" पिवळीधमक पेटी शहरात गेली.

प्रयोगशाळेतल्या आकाशनं आधी फोन करून विचारलं, की ताई, ही नळ्यांची पेटी जनावरांच्या दवाखान्यात जायची होती का? चार दिवसांनी पुन्हा फोन आला, तेव्हा त्याच्या आवाजात गंमत नव्हती. "ही बुजरी कोण? तिला आधी गाठा. सगळ्यांत कमी रक्त तिचं आहे."

"गाठली," म्हणून अमृतानं फोन ठेवला. मग निकाल आणि दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घेऊन बिडकीनला गेली, तर माळावर नुसत्या लेंड्या. टँकर यायचा बंद झाला म्हणून वाडा आधीच हलला होता. वाटेवरच्या चहावाल्यांना विचारत विचारत तिनं अखेर वेरूळच्या अलीकडं मेंढरं गाठली. तिला बघून बानाबाईची काठीच हातातून गळाली.

"आलीस? खरंच आलीस गं?" म्हातारीचे डोळे भरून आले.

अमृतानं एकेकीला बाजूला घेऊन निकाल सांगितला, गोळ्या दिल्या. बायकांनी गोळ्या पदरात बांधल्या, पण तोंडात कुणी टाकेना. गोळीनं पोट बिघडतं म्हणे. तेवढ्यात बानाबाईनं विचारलं, "आन माजी बुजरी? ती काय म्हंती?"

अमृतानं नजर चुकवली. मग म्हणाली, "सगळ्यांत कमी तिचंच आहे, मावशी."

त्यावर असा हशा उसळला की मेंढरंसुद्धा बिचकली. "लोका सांगे ब्रम्हग्यान!" कुणीतरी ओरडलं. बानाबाई मात्र हसली नाही. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "आदी तू गिळ. मंग आमी."

अमृतानं गोळी गिळली. मग खैरीनं, भुरीनं, चांदीनं, ओळीनं सगळ्यांनी.

निघताना बानाबाईनं काळ्या लोकरीचा एक पदर वळला. आजारी मेंढराच्या गळ्यात धनगर असा दोरा बांधतात, म्हणजे चालताना सगळ्या वाड्याची नजर त्याच्यावर राहते, ते मागं पडत नाही.

"देवाचा नाय हा, लोकरीचा हाय," ती म्हणाली. "चालंल का तुमच्यात?"

अमृतानं हात पुढं केला. बानाबाईनं त्याच मनगटाला दोऱ्याची गाठ मारली, जिथं शहरात नंबर बांधतात.