लाजणारं पाणी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. बायकामुलंही मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसली होती. निळ्या कढईच्या, म्हणजे रंगाऱ्यांच्या, बंधुसंघाचा आज शपथदिन. संघाचा मूळ पुरुष म्हणे रंगाच्या कढईत पडला आणि पांढराशुभ्र होऊन बाहेर आला. तेव्हापासून त्या कढईचं पाणी बेइमानाचा हात लागताच लाजून लाल होतं. मूळ पुरुषाचे कपडेही पांढरे झाले का, हे कुणी विचारलं नव्हतं.

रंगारी रांगेत शेवटी उभा होता. यंदा त्याने अध्यक्षपदासाठी अर्ज भरला होता. असा आगाऊपणा आजवर कुणी केला नव्हता. बाकीचे सुट्टी घेऊन, आंघोळ करून आले होते. त्याला मात्र अध्यक्षांनी घाईचं काम देऊन कढईवर ठेवलं होतं, म्हणून तो ओल्या एप्रननिशी धावत आला होता.

अध्यक्षांनी त्या मूळ कढईचं म्हणून सुरईत ठेवलेलं पाणी काचेच्या वाडग्यात ओतलं आणि मायेने सांगितलं, की मन स्वच्छ असेल तर भिण्याचं कारण नाही. रंगाऱ्याने हात बुडवला. पाणी गुलाबी झालं, मग लालभडक.

पाणी लाल झालं की हकालपट्टी, आणि संघातून काढलेल्याला कुठलाच रंगारी काम देत नसे. त्याहून वाईट म्हणजे रंगाऱ्याला स्वतःचाच संशय येऊ लागला. आपल्या हातून बेइमानी झालीच असेल. पाणी कशाला खोटं बोलेल?

मागून त्याची थोरली बहीण उठली. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. दर शपथदिनी हेच पाणी घोटभर प्यायल्यावर भावाला दुसऱ्या दिवशी जुलाब होत, आणि तो त्याला आत्मशुद्धी म्हणे. त्या शुद्धीबद्दल तिला जुनी शंका होती.

"अध्यक्षसाहेब, आता तुमचा हात. आधी याच्या एप्रनला पुसा."

अध्यक्षांनी आढेवेढे घेतले. पण एप्रन हे संघाचं निशाण, त्याला नाकारणारा बंधू नव्हे, ही शिकवण त्यांचीच. शेवटी त्यांनी हात पुसला आणि सुरईतून ओतलेल्या ताज्या पाण्यात बुडवला. पाणी त्यांनाही लाजलं.

"रंग पक्का करायला कढईत धुण्याचा सोडा घालतात," ती म्हणाली. "तोच याच्या हाताला आणि एप्रनला आहे. सुरईत जुलाबाच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या विरघळवल्यात. त्यांची सोड्याशी गाठ पडली की पाणी लाल होतं."

तिने उपाहारगृहातून व्हिनेगर मागवून वाडग्यात ओतलं. लाली उडून पाणी नितळ झालं; अध्यक्षांचं पाप तिथल्या तिथे धुतलं गेलं.

"पाण्याला माणसाचं मन कळत नाही," ती सगळ्यांना म्हणाली. "खरंखोटं आपणच विचारून, तपासून ठरवायचं असतं."

रंगारी अजून आपल्या हातांकडेच बघत होता. "ताई, म्हणजे मी काहीच केलं नव्हतं?"

"केलं होतंस की. काम."