प्यो सरांच्या गाठी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. फोटो काढणारा नव्हे हं! टेबलावर उभं राहायचं आणि मान खाली घालून मास्तरांचे हात टिपायचे, हे माझं काम. कारखान्यातून निघालो तेव्हा मान चांगली ताठ होती. आता ती एका बाजूला कलते, पण माझी तक्रार नाही.

माझी उमेदीची वर्षं मोक्पो बंदराजवळच्या एका विद्यापीठात गेली. प्राध्यापकांना नवी यंत्रं वापरायला शिकवणारा एक विभाग तिथे होता. विभाग कसला, तीन टेबलं, एक किटली आणि बांग मिरानताई! पण या बाईने किती जणांना धीर दिला म्हणून सांगू! "सोपं तर आहे," असं म्हणून तिने कधी कुणाला खजील केलं नाही.

एके दिवशी प्यो सर आले. मासेमारी शिकणाऱ्या मुलांना ते जाळी विणायला शिकवत. निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. त्यातच विद्यापीठाचं फर्मान निघालं. प्रत्येक विषयाचा निम्मा भाग मुलांनी घरी व्हिडिओवर पाहायचा आणि उरलेला वर्गात येऊन हाताने करायचा. ज्यांना जमणार नाही त्यांचा विषय बंद.

"चाळीस वर्षांची विद्या एका बटणापायी बुडणार बघ," सर म्हणाले.

"बुडते कशी? तुम्ही गाठी बांधा, सर. बटणं माझ्याकडे लागली," ताई म्हणाली आणि तिने त्यांच्यापुढे उकडलेलं रताळं ठेवलं.

दर गुरुवारी दोघं बसत. ताईने आधी स्वतः गाठ शिकून घेतली. "मलाच कळली नाही तर मुलांना घरबसल्या काय कळणार?" हात कुठे थांबवायचा, कुठे जवळून दाखवायचं, हे तिने त्यातूनच ताडलं. हळूहळू सर एकटेच व्हिडिओ करू लागले.

आणि घात झाला! सरांच्या बोटाचा धक्का लागून माझं चित्र उलटवणारं बटण दाबलं गेलं. आरशातल्यासारखा त्यांचा उजवा हात डावा दिसू लागला. मला कळत होतं, पण बोलणार कसा? तीन आठवडे मुलांनी तेच पाहिलं. मग वर्गात दोर हाती आला, तर अडतीसच्या अडतीस मुलं डाव्या हाताने गाठी बांधायला लागली.

"अरे, सगळे डावखुरे माझ्याच नशिबी आले की काय?"

मुलं खाली बघू लागली. शेवटी उन्सोल नावाची मुलगी पुटपुटली, "सर, व्हिडिओत तसंच होतं. आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला कसं सांगायचं, सर?"

सर तडक ताईकडे आले. "हा घे तुझा कॅमेरा. शोभा झाली तेवढी पुरे. होऊ दे विषय बंद." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईने सबब सांगितली नाही. "चूक माझी, सर. हे बटण मी आधीच झाकायला हवं होतं." लगेच तिने त्यावर चिकटपट्टी लावली. मग हळूच म्हणाली, "पण गाठी पक्क्या होत्या ना? उलट्या का होईना, पोरं व्हिडिओवरून शिकली की!"

सर खो खो हसले.

पुढच्या व्हिडिओत त्यांनी आधी माफी मागितली. "यापुढे माझी चूक दाखवेल त्याला एक गुण जास्त!" मग काय विचारता! "सर, बाही आडवी येते." "सर, चष्मा शोधू नका, कपाळावर आहे." सर ताईला बोलावून एकेक गोष्ट सुधारत गेले. त्या वयात असं शिकणं सोपं नाही, बरं का! विषय वाचला.

पण दुसऱ्या सत्रात सरांचा हात थरथरू लागला. सगळ्यात अवघड गाठ तेवढी राहिली होती. सरांनी ती पाच वेळा टिपली आणि पाचही वेळा पुसली. तेव्हा उन्सोल आली.

"सर, रागावू नका. हात हलतो तुमचा, दोर दिसत नाही. तुम्ही सांगा, मी बांधते. गुण नकोत मला."

सरांनी दोर तिच्या हाती दिला. मग उठले आणि त्यांनी तिला आपली खुर्ची दिली. माझ्या डोळ्यांखाली तिचे हात आले.

"हं, आता आवळ," सर म्हणाले. तिने आवळली. गाठ सरांच्या गाठीइतकीच घट्ट बसली.

म्हणून सांगतो मित्रांनो, आमची काच मऊ फडक्याने पुसा, मान पिरगाळू नका. पण तुमचे मास्तर यंत्रापुढे अडले तर मागे बसून हसू नका आणि आदरापोटी गप्पही बसू नका. जवळ जा आणि सांगा. रागावतील, रागावू देत. विद्या तर राहील!