तिचं तिला सांगू द्या

ताईने दार ढकललं तेव्हा थोरल्या भावाने धाकट्याचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं होतं. भुवई फुटली होती. रक्त डोळ्यात उतरत होतं, आणि तो पुसायचंही विसरून नुसता उभा होता.

धाकट्याला नि त्याच्या बायकोला कुठलीही गोष्ट उमगायला वेळ लागे. म्हणून बाळ झाल्यापासून, गेले आठ महिने, समाजकल्याण खात्याची ताई आठवड्यातून दोनदा यायची. आंघोळ, दूध, डोस, सगळं धीराने शिकवायची.

"ठोंब्या, लेकरू भाजलंस ना?" थोरल्याने पुन्हा हात उगारला. ताई मध्ये पडली. त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला. धाकट्याची बायको टेबलाखाली पाठमोरी बसून बाळाला पोटाशी दडवत होती. तिच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते.

शेजारणीने पोलीस बोलावले. हवालदार येताच थोरल्याने केस सारखे केले. "साहेब, दोघंही अर्धवट. उकळतं दूध बाळावर सांडलं. मूल संस्थेत द्या, जिवंत तरी राहील."

हवालदार लिहू लागला.

"तिलाही विचारा," टेबलाखालच्या बायकोकडे बोट करत ताई म्हणाली.

"तिला काय कळतंय?" हवालदार म्हणाला.

"एका वेळी एकच प्रश्न विचारा. मग थांबा."

"दूध कोणी सांडलं?"

ती बोलेना. हवालदार चुळबुळला. ताईने हातानेच त्याला थोपवलं.

"मी मनगटावर थेंब टाकून बघितला," ती अखेर म्हणाली. "कोमट होतं. भावजी म्हणाले, गार आहे. त्यांनी उकळलं. गरम म्हणजे काय ते कळू दे म्हणाले, माझ्या हातावर ओतलं. बाळावर उडालं."

तिने बाही वर केली. कोपरापर्यंत फोड आले होते. तोवर तो हात कोणीच पाहिला नव्हता, ताईनेही नाही.

थोरला तिच्यावर धावला. आजवर मुकाट मार खाणाऱ्या धाकट्याने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. हवालदाराने थोरल्याला जमिनीवर पाडून बेड्या घातल्या.

पुढे बालकल्याण समितीसमोर ताईने स्वतःची चूकही मांडली: "बाळाचं वजन मी दर वेळी बघितलं. घरात कोण येतं, कोण मारतं, हे एकदाही विचारलं नाही." बाळ आईबापाकडेच राहिलं. रोज सकाळी मदतनीस बाई येणार, असं ठरलं.

बाहेर पडताना बायकोने ताईला विचारलं, "भावजी सुटून आले तर, येऊ नका, असं म्हणता येतं?"

"येतं."

जिना उतरेपर्यंत ती 'येऊ नका' घोकत राहिली, दर पायरीला आवाज थोडा चढवत.