ताकदीच्या गोळ्या

लेबल मीच काढलं. बाटली गरम पाण्यात बुडवून, नखानं खरवडून. सातपूरच्या कारखान्यात लेथवर काम करणारे हात माझे. कागदाचा कण राहू दिला नाही. वर स्वतःच्याच हुशारीवर खूश झालो.

आईला छातीचा कॅन्सर होता. आमच्या हरसूलकडे कॅन्सर म्हटलं की माणूस गेल्यात जमा. कुणी लेबल वाचून दाखवलं तर ती खचेल, म्हणून ते काढलं आणि सांगितलं, "ताकदीच्या गोळ्या हायेत, आय. रोज दोन घ्यायच्या." नाशिकच्या डॉक्टरांनी लेबलावर लाल शाईनं, मराठीत लिहिलं होतं: कॅन्सरची गोळी, गरोदर बाईनं हातही लावू नये. समजलं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी नंदीबैलासारखी मान हलवली. बहीण ललिताला दिवस गेलेत हे मला माहीत होतं. पण ती सासरी पेठला, गोळ्या हरसूलला, असं माझं दीडशहाणं गणित.

नागपंचमीला ललिता माहेरी आली. तिसरा महिना, पोटात अन्न ठरत नव्हतं. आईनं कुठलीही आई करते तेच केलं. दोनातली एक गोळी लेकीला द्यायला लागली. राखीला मी घरी गेलो, पुरणपोळी खाल्ली, बाटलीकडे बघितलंही नाही.

दोन दिवसांनी ललिताला नाशिकला आणावं लागलं. मूल वाचलं नाही.

दवाखान्याच्या बाकावर आई रडत होती. "लय जपली रे तिला. माझी गोळी सुदीक देत व्हते."

मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. "त्यानंच झालं असेल," त्या म्हणाल्या. "बाटलीवर लिहिलं नव्हतं?" ललिता सातवी शिकलेली. तिनं वाचलं असतं.

बाहेर येऊन आईला सगळं सांगितलं. कॅन्सर म्हणताना माझीच जीभ अडखळली. ती कोसळेल म्हणून धरायला पुढे झालो. स्वतःच्या आजाराबद्दल तिनं चकार शब्द विचारला नाही.

"म्हंजे ललीचं लेकरू मी माझ्या हातानं घालवलं?"

"तू नाय, आय. मी घालवलं. लेबल मी काढलं."

ती माझ्या मनगटावरच्या राखीकडे बघत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "लेबलाचं तिला सांगू नको. म्हातारीला कळलं नाय, चुकून दिल्या, आसं सांग. मी काय, आज हाय उद्या नाय. तिला भाऊ तरी राहू दे."

आणि मी मान हलवली.