सप्ताहातलं उष्टं

हिरामणचा डुकरांचा वाडा रिकामा झाला, त्या दिवसापासून वाडीत सुरेखाकडे कुणी सरळ बघेना. आधी त्याच्या डुकरांनी खाणं सोडलं, मग ताप चढला, कान जांभळे पडले आणि एकामागून एक ती आडवी झाली. शेजारच्या गजाचीही तशीच गेली. उरलीसुरली सरकारी माणसांनी मारून चुना घालून पुरली. माणसाला या रोगाची बाधा नाही, पण डुकरांत तो वणव्यासारखा पसरतो आणि त्याला औषध नाही.

आणि सुरेखाची डुकरं? ओढ्यापलीकडे चिखलात खुशाल लोळत होती. तेच लोकांच्या डोळ्यांत खुपलं. त्यातून तिने देशावरून एक नर आणला होता, रुंद पाठीचा, रुबाबदार. त्याचं नाव मुकादम. हिरामणच्या मादीकडे तो दोनदा जाऊनही आला होता.

"तुझ्या मुकादमानंच आनलंय हे," हिरामण म्हणाला.

"आरं, त्याला साधी शिंक नाय आली!"

"म्हनून तर! लबाड हाय तो, मालकिनीसारखा."

सुरेखाने पदर तोंडाला लावला. शिवी तिने गिळली असती, पण त्या एकादशीला तिला देवळात जाववेना. मालोजीबुवांचं कीर्तन म्हणजे तिचा जीव की प्राण. बुवांनी अभंग धरला, की दिवसभराचा शीण उतरून ती खांबापाशी लहान पोरीसारखी डोलत राही. त्या दिवशी ती ओढ्याच्या काठी बसून दुरूनच टाळ ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी गुरांची डॉक्टर छाया आली. "सुरेखाताई, मुकादमाच्या रक्तात रोग नाही, होऊन गेल्याची खूणही नाही. पण रोग आला कुठून ते कळायला हवं. नाहीतर संशयापोटी तुमचा कळपही मारावा लागेल. यांना खायला काय घालता?"

"सगळे घालतात तेच. जगदीशच्या टेंपोतलं खरकटं."

जगदीश चौक गावच्या ढाब्यांवरून खरकट्याचे ड्रम भरून आणी आणि वाडीत वाटून पुढे कर्जतकडे जाई.

"तिघांना एकच ड्रम, मग तुमचीच कशी वाचली? रोगाच्या आधी तुम्ही काही वेगळं केलंत का?"

सुरेखाला उत्तर ठाऊक होतं. "काय नाय," ती म्हणाली आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.

गावात हरिनाम सप्ताह होता, तेव्हाची गोष्ट. तिने जगदीशचा ड्रम दारातून परत धाडला होता. "आठवडाभर मासमच्छी माज्या दारात नको, डुकरांच्या तोंडात बी नको." जगदीश खो खो हसला होता. "आता डुकरांच्या गळ्यात माळ घालतेस काय गं वैनी?" मग ती रोज पंगत उठल्यावर पत्रावळींवरचं उष्टं पाटीत भरून मागच्या वाटेने घरी नेई. वरणभात, बुंदीचा चुरा. महाप्रसाद! तो डुकरांना घातला हे गावाला कळलं, तर देवळाची पायरी कायमची बंद. आणि न सांगावं, तर डुकरं जाणार.

छायाने गावाला देवळाच्या मंडपात बोलावलं. सुरेखा मागे उभी होती. समोर विठोबा कमरेवर हात ठेवून तिच्याचकडे बघत होता. तिने हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं.

"आगं बया!" बायजाबाई किंचाळली. "परसाद डुकरांना?"

सगळ्यांच्या माना बुवांकडे वळल्या. मालोजीबुवांनी उपरण्याने डोळे पुसले. "बायजे, पंगतीचं उष्टं आपन कुठं टाकीत होतो गं? ओढ्यात. हिनं ते मुक्या जिवांच्या पोटी घातलं. देवाचं अन्न वाया गेलं नाय, मला तर एवढंच दिसतंय."

छाया मात्र ताडकन उठली. "म्हणजे ड्रम घेतला त्यांची मेली, परत पाठवला तिची वाचली! जगदीश, सप्ताहात ड्रमात नवीन काय होतं?"

जगदीशने डोकं खाजवलं. "खोपोलीच्या रस्त्याला एक फार्महाऊस हाय, मॅडम. तिथल्या पार्टीचं खरकटं व्हतं, ते वाडीतच संपलं. डुकराचं मटन, बर्फात घालून लांबून आनलेलं. उरलेलं फ्रीजमधनं आज टाकनार हायत. मी संध्याकाळी भरून कर्जतला—"

पुढचं ऐकायला कोण थांबतंय! छाया टेंपोत चढली, मागोमाग सुरेखा आणि तिला ढकलून हिरामणही. फार्महाऊसच्या मागल्या दारी पोचले, तर नोकर ड्रमाचं झाकण लावत होता.

"हात लावू नको रं त्याला!" सुरेखा अशी ओरडली, की नोकराने झाकण टाकून पळ काढला.

त्या मांसाचे तुकडे प्रयोगशाळेत गेले आणि त्यांत रोग सापडला. ड्रम खोल पुरला गेला. कर्जतच्या एकाही डुकराला झळ लागली नाही. आता जगदीश खरकटं रटरटा उकळल्याशिवाय टेंपो हलवत नाही.

पुढच्या एकादशीला सुरेखा नेहमीच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली. बुवांनी चिपळ्या थांबवल्या. "पुढं ये, माय. आज टाळ तुज्या हातात."

हिरामणने स्वतःच्या गळ्यातले टाळ काढून तिला दिले. हळूच म्हणाला, "मुकादमाला माजा रामराम सांग. चुकलं माजं."

"सवताच येऊन सांग की. आनि येताना पाटी आन, पयली दोन पिल्लं तुजी."

बुवांनी अभंग उचलला. सुरेखाने असा दणका दिला, की टाळ ओढ्यापलीकडे ऐकू गेले असतील.